खांद्याची हाक

॥ श्री मारुतिराया प्रसन्न ॥
मु. खडकओहळ, ता. नेवासे
२ मे १९७१

प्रिय मित्र पीरमहंमद यास रंगनाथचा रामराम.

तुझं खुशालीचं कार्ड आलं तेव्हा मी नगरला दवाखान्यात होतो. काल घरी आलो. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण लिहितो, पण घाबरून जाऊ नकोस. माझ्या उजव्या टाचेमागची शीर तुटली. हनुमान जयंतीला कावड घेऊन येत होतो. प्रवरासंगमापासून सोळा मैल नीट आलो आणि आपल्या ओढ्यात, देऊळ समोर दिसत असताना पडलो. फाटकन आवाज झाला तेव्हा वाटलं, कावडीची दोरी तुटली. दोरी शाबूत होती.

यंदा माझा जोडीदार छगन होता. विहिरी खोदतो तो, झुंबरबाईचा नवरा. तू गाव सोडलंस तेव्हा तो अंगणात रांगत असेल. ओढ्यात त्याचा हात कावडीला लागला, मी पडलो आणि दोन्ही कळश्या उपड्या झाल्या. गोदागंगेचं पाणी वाळूत जिरलं. दुसरी माणसं पुन्हा संगमावर गेली. मारुतीच्या स्नानाला दुसरा दिवस उजाडला. गावाच्या आठवणीत असं पहिल्यांदा झालं. ज्याच्यामुळे पाणी सांडेल त्यानं पाच वर्षं कावडीला शिवायचं नाही, हा नियम तुला माहीत आहे. पंचांनी तो छगनला लावला. मी तेव्हा बैलगाडीत आडवा होतो.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण आणि गमत्या निघाला. म्हणाला, "काका, वय किती?" म्हटलं, अठ्ठेचाळीस. "आणि सोळा मैल पळता?" म्हटलं, मारुतीसाठी. तर म्हणतो, "तो चिरंजीव आहे. तुमच्या कुंडलीत तसं काही लिहून आलंय का?" सगळी खोली हसली. मीही हसलो.

दोन महिने पाय प्लास्टरमध्ये राहील. पण मी देवाचे आभार मानतो. शीर तुटली, हाड नाही. आमची भीमाबाई रोज गरम पाण्यानं पाठ शेकते आणि बोलत नाही. न बोलणं हे तिच्यापरीनं फार आहे. शेजारी ज्वारीची मळणी करून देऊन गेले. एकोणीस वर्षं शेवटचा टप्पा माझ्या खांद्यावर होता. तेवढं मिळालं हेच खूप झालं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
रंगनाथ


शेंडी, भंडारदरा धरण, ता. अकोले
१५ मे १९७१

रंग्या, तुला सलाम आणि तुझ्या टाचेला दोन सलाम.

तुझं पत्र शरिफाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावजींना म्हणावं, आता तरी माणसासारखं चाला." मी म्हटलं, तो चालायला शिकलाच नाही. आईच्या मांडीवरून उतरला तो पळत सुटला. आठवतं का, नेवाशाच्या शाळेत सातवीला असताना आपण दोघे सहा मैल पळत जायचो? तू पुढे, मी मागे, आणि माझ्या पाटीवरचं गणित घामानं पुसून गेलेलं. मास्तर मला छडी मारायचे आणि तुला शाबासकी द्यायचे, कारण तुझी पाटी कोरडी. तू पाटी डोक्यावर धरून पळायचास. मला ते चार वर्षांनी सुचलं.

बाकी छगनबद्दल तू जे लिहिलंस त्यावरून मी समजलो ते समजलो. मी तुला ओळखतो. कोणी कुऱ्हाडीनं पाय तोडला तरी तू लिहिशील, "जरा हात लागला." त्याला देवळासमोर मिरवायचं असणार, म्हणून त्यानं कावड ओढली. पंचांनी केलं ते बरोबर केलं. पाच वर्षं कमीच आहेत. तू मोठ्या मनाचा, म्हणून एक वाईट शब्द लिहिला नाहीस. असा मित्र दिल्याबद्दल मी अल्लाचे आभार मानतो.

मी इथे सकाळ-संध्याकाळ धरणाच्या भिंतीवरून चालतो, पाण्याची पातळी बघतो, वहीत लिहितो. पळणं नोकरी लागली तेव्हा सुटलं ते सुटलंच. तू मात्र उभा राहा. पाय बरा झाला की पळणार ना? खरं सांग.

तुझा,
पीरमहंमद


मु. खडकओहळ
२५ जुलै १९७१

प्रिय पीरमहंमद यास रंगनाथचा रामराम.

प्लास्टर निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो माझा वाटेना. पांढरा, बारीक, म्हाताऱ्या माणसाचा. काठी घेऊन अंगणातून गोठ्यापर्यंत जातो. टाच टेकली की जुन्या बिजागरीसारखी वाटते.

पळणार का, असं तू विचारलंस. हाच प्रश्न घेऊन मी रोज सकाळी देवळाच्या पायरीवर बसतो. पूर्वी देवळात यायचो तो पाया पडून लगेच वळायचो. आता अर्धा तास बसावं लागतं, कारण परत जायला पाय तयार व्हावा लागतो. बसल्यावर देवळात काय काय दिसतं! चिमण्यांनी मारुतीच्या गदेवर घरटं केलंय. पुजारी रोज ते काढायचं म्हणतो आणि रोज विसरतो. मला वाटतं, मुद्दाम विसरतो. हे बघायला मिळालं याबद्दल मी पायाचाही आभारी आहे.

पण पळण्याबद्दल एक गोष्ट उमगली, ती तुलाच लिहितो. पळताना मी मारुतीचं नाव घेतो असं मी सगळ्यांना सांगत आलो. माघ महिन्यापासून रोज पहाटे सराव करायचो, तेही नाव घेत. खोटं नव्हतं ते. संगमापासून ओढ्यापर्यंत नाव असायचं. ओढ्याच्या अलीकडे नसायचं. तिथे माणसं उभी असत. हलगी वाजायची, बाया घागरी घेऊन पायावर पाणी घालायला थांबायच्या, आणि माझे कान नुसते "आला, आला" एवढंच ऐकायचे. एकोणीस वर्षं मी पंधरा मैल देवासाठी पळालो आणि एक मैल स्वतःसाठी. की पंधरा मैल त्या एका मैलासाठी पळत होतो? हे नीट सांगता येत नाही. ते सांगता येईपर्यंत पळू नये, असं वाटतं.

छगन तू लिहिलास तितका वाईट नाही. त्यावर अधिक लिहीत नाही.

पावसानं यंदा तोंड फिरवलंय. गावात तीन विहिरींची खोदाई निघाली आहे.

तुझा,
रंगनाथ


शेंडी, भंडारदरा
२३ नोव्हेंबर १९७१

रंगनाथला पीरमहंमदचा सलाम.

ईद झाली. शिरखुर्मा प्यायला तू नव्हतास, तुझा वाटा मी प्यायलो. पोट अजून जड आहे.

एक हकिकत सांगायची आहे. रोज्याचे दिवस होते. दुपारी दारात एक माणूस उभा. पायात टायरच्या वहाणा, खांद्यावर घोंगडी. म्हणतो, "मी खडकवहळचा छगन. रंगनाथतात्यांचे दोस्त तुमीच का?" मी हो म्हटलं. तर म्हणाला, "धरनावर कायबी काम बघा. सायबाकडं माझ्यासाठी येक शबूद टाका. सुरुंगाचं काम येतं मला, पान्यातलंबी येतं."

मी विचारलं, गावात विहिरी चालू आहेत आणि तू इकडे कसा? त्यानं सांगितलं ते तू मला कधी लिहिलं नाहीस. ज्याच्या हातून गंगा सांडली त्याच्या हातून विहिरीला पाणी कसं लागेल, असं म्हणून त्याला कोणी खोदाईवर घेत नाही म्हणे. आधी नुसतं नारळ फोडताना लांब उभं करायचे. मग बोलावणंच थांबलं. दिवाळीपासून तो गावात नाही.

मी त्याला दोन शब्द सुनावले. म्हटलं, "माझ्या मित्राच्या खांद्यावरची कावड ओढणाऱ्यासाठी मी शब्द टाकणार नाही. काम पाहिजे तर राहुरीकडे कालव्यावर जा, तिथे कोणी नाव-गाव विचारत नाही." तुझ्यासाठी इतकं तरी मी करायलाच हवं होतं.

शरिफानं आतून पाणी आणि भाकरी आणून दिली. पाणी प्यायला, भाकरी घोंगडीत बांधली. जाताना विचारतो, "तात्या आता काठीबिगर चालत्यात का?" मी म्हटलं, चालतो. "बरं झालं," म्हणाला आणि गेला.

शरिफा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं, रोज्यात दाराशी आलेल्याला असं बोलू नये. तू तिला दोन ओळी लिही, म्हणजे तिला कळेल की तो माणूस कसा आहे.

तुझा,
पीरमहंमद


मु. खडकओहळ
१२ डिसेंबर १९७१

प्रिय पीरमहंमद,

हे पत्र कार्डावर लिहिलं नाही, बंद पाकिटातून पाठवतो आहे. आमचा पोस्टमन कार्ड वाचत वाचत येतो, आणि हे त्याच्या तोंडून गावाला कळावं असं मला वाटत नाही. गाव सध्या लढाईच्या बातम्या ऐकत रेडिओभोवती बसलेलं आहे. मी काय लिहितो आहे हे विचारायला कोणी नाही.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसलो आणि रोज उठलो.

छगनला मिरवायचं नव्हतं. त्यानं कावड ओढली नाही. त्यानं खांदा मागितला.

जोडीदारानं "खांदा" अशी हाक दिली की कावड द्यायची, का म्हणून विचारायचं नाही, ही आपल्या कावडीची रीत. ओझं असलेल्याला स्वतःचा पाय दिसत नाही, जोडीदाराला दिसतो, म्हणून ती हाक जोडीदाराची. संगमापासून तीन मैलांवरच माझी टाच दुखू लागली होती. कोणाला सांगितलं नाही. ओढ्यात उतरलो तेव्हा मी लंगडत होतो. छगन डाव्या बाजूनं पळत होता. त्यानं हाक दिली, "तात्या, खांदा!" मी ऐकली. समोर माणसं दिसत होती. दोनशे पावलांवर देऊळ. मी मान वळवली नाही. त्यानं दुसऱ्यांदा हाक दिली. मी जास्तच जोरात पाऊल टाकलं. तिसऱ्या हाकेला त्यानं रीतीप्रमाणे कावडीच्या दांड्याला हात लावला. मी खांदा झटकला. त्या झटक्यात शीर तुटली.

लोकांनी पाहिलं ते एवढंच की छगनचा हात दांड्यावर होता आणि मी पडलो. तो ओरडून सांगत होता, "मी खांदा मागितला." लोक म्हणाले, "कोणी ऐकलं?" हलग्या वाजत होत्या. ऐकलं होतं फक्त मी. मला गाडीत घालत होते तेव्हा पंचांतले सहादेव पाटील वाकून म्हणाले, "तात्या, काय झालं?" मी डोळे मिटून घेतले. वेदना होत्या हे खरं. पण वेदनांमुळे डोळे मिटले नाहीत, हेही खरं.

मग दवाखाना आला, मग माणसं भेटायला आली. जो तो छगनला शिव्या देऊन माझ्याजवळ फळं ठेवून जायचा. मी ती फळं खाल्ली. तुला "हात लागला" असं लिहिलं, ते खोटं नाही असं स्वतःला समजावत लिहिलं. त्याची कामं बंद झाली तेही मला माहीत होतं. माझ्या बांधाशेजारच्या विहिरीवर त्याला घेतलं नाही, ते मी काठी टेकून उभा राहून पाहिलं आहे. माझी एवढीच समजूत होती की हा ठपका गावातच आहे, कधीतरी पुसला जाईल. तो अकोल्याच्या डोंगरापर्यंत, तुझ्या दारापर्यंत गेला असेल, आणि तुझ्या तोंडून बाहेर पडेल, असं मनात आलं नव्हतं.

वहिनींना सांग, त्यांचं बरोबर होतं.

तू आता मला काय म्हणशील याची भीती वाटते. तरी लिहून हलकं वाटलं. ज्याला सगळं लिहिता येईल असा तू आहेस, हे माझ्यावर उपकार आहेत.

रंगनाथ


शेंडी
२९ डिसेंबर १९७१

रंगनाथ,

पत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि राहुरीला गेलो. दोन दिवस कालव्याच्या कामावर एकेका टोळीत विचारत फिरलो. तिसऱ्या दिवशी सापडला. मुरमाची पाटी डोक्यावर होती. सुरुंगाचं काम येणारा माणूस पाट्या वाहतो आहे.

मी माफी मागितली. रोज्यात जे बोललो ते शब्द परत घेतो म्हणालो. त्यानं पाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "तुमचं काय चुकलं? तुमी आपल्या दोस्ताच्या शब्दावर इश्वास ठिवला." त्याचं हे वाक्य तुला जसंच्या तसं पाठवतो. त्यावर मी काही लिहीत नाही.

धरणावर येतोस का, आता मी साहेबांशी बोलतो, असं म्हटलं. नाही म्हणाला. त्याला काम नको, त्याचं गाव हवं आहे.

तू लिहितोस, हलकं वाटलं. तुला वाटलं असेल. माझं ओझं वाढलं. माझ्या पत्त्यावर कबुली पाठवून तू मोकळा झालास, पण पंच माझ्या पत्त्यावर राहत नाहीत. मी तुझ्यावर रागावलो आहे. असा राग मला तुझा चाळीस वर्षांत आला नव्हता. हेही सांगतो की तू हे लिहिलं नसतंस तर मी मरेपर्यंत त्या माणसाला चोर समजलो असतो. त्यापासून तू मला वाचवलंस, एवढं मी मान्य करतो.

गावाला सांगेपर्यंत मला पत्र लिहू नकोस. सांगितल्यावर लगेच लिही.

पीरमहंमद


मु. खडकओहळ
२० जानेवारी १९७२

प्रिय पीरमहंमद यास रंगनाथचा रामराम.

सांगितलं, म्हणून लिहितो.

आठ तारखेला शनिवार होता. आरती झाली, माणसं निघाली तेव्हा मी उभा राहिलो. तुला लिहिलं होतं तेच सगळं सांगितलं. संपल्यावर सहादेव पाटलांनी पागोटं काढून पुन्हा बांधलं आणि म्हणाले, "मग आता पाच वर्षं तुम्हाला लावायची. पण तात्या, तुमचं वय झालं. तुम्ही तसंही आता कावड घेणार नाही. ही कसली शिक्षा?"

मला ते फार लागलं. मी म्हटलं, "तरी म्हणा." ते म्हणाले, "बरं. पाच वर्षं." कोपऱ्यातून आपल्या कावडीतला गोरक्ष म्हणाला, "म्हंजी त्रेपन्नाव्या वर्षी तात्या परत तयार!" लोक हसले. त्या हसण्यात मला पहिल्यासारखा मान नव्हता, आणि त्यानं मला बरं वाटलं. छगनला बोलवायला माणूस पाठवायचं ठरलं.

मी समजलो, संपलं. घरी आलो. भीमाबाई चुलीपुढे होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हुतं."

"कसं?"

"तुमी छगनचं नाव निघालं की पानी मागता. नऊ महिने मी तांब्या भरून देतेय."

तिनं भाकरी उलटली आणि विचारलं, "देवळात बाया हुत्या का?"

"नव्हत्या."

"झुंबर कुठं भोगते, देवळात का पानवठ्यावर? तुमाला खरं सांगायचंय, का नुसतं बरं वाटून घ्यायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला पाणवठ्याच्या विहिरीवर घेऊन गेली. तिथे पुरुष जात नाहीत. बायांनी पदर सावरले. मालनबाई म्हणाली, "तात्या, हंडा इसरला जणू घरी!" सगळ्या हसल्या. झुंबरबाई लांब, कडुनिंबाखाली दोन रिकामे हंडे घेऊन उभी होती. ती हसली नाही. मी तिच्याकडे बघून बोललो. देवळात जेवढं सांगितलं त्याहून थोडंच सांगितलं, पण देवळापेक्षा कितीतरी अवघड गेलं. डोळे कसे मिटले तेही सांगितलं.

ती म्हणाली, "नऊ महिने मी सगळ्यांची भरनं हुईस्तवर हितं उभी ऱ्हाते. कुनी थांब म्हनलं न्हाई. माझं मीच थांबते. आमच्या हातनं पानी सांडतं ना, म्हनून."

क्षमा मागायचं ठरवून गेलो होतो, ते शब्द तिच्यापुढे फार लहान वाटले. तरी मागितली. ती म्हणाली, "ऐकलं. आता सरा बाजूला, पानी भरू द्या." भीमाबाईनं आपला अर्ध्यावर गेलेला पोहरा वर ओढून घेतला. बाकीच्याही थांबल्या. झुंबरबाई पुढे आली आणि तिनं पहिला पोहरा सोडला. दोन्ही हंडे भरले, डोक्यावर घेतले आणि माझ्याकडे न बघता गेली.

तू रागावलास हे फार चांगलं केलंस. तू समजूतदारपणा दाखवला असतास तर मी तिथेच थांबलो असतो.

तुझा,
रंगनाथ


शेंडी
२ फेब्रुवारी १९७२

रंग्या,

पत्र वाचून शरिफा रडली आणि मग म्हणाली, "भीमावहिनींना पंच करा." माझं मत तिच्याहून वेगळं नाही.

राग गेला का, ते विचारू नकोस. बराचसा गेला. थोडा ठेवला आहे, तू भेटशील तेव्हा समोरासमोर वापरायला. परवा धरणाच्या भिंतीवरून चालता चालता मी शंभर पावलं पळून पाहिलं. पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. त्याला वाटलं, मला काही झालं. तुझ्यामुळे लोक मला हसतात, तरी अल्ला तुला बरं ठेवो.

छगन गावी आला का? हनुमान जयंतीला काय होतं ते सविस्तर लिही. एकही गोष्ट झाकू नकोस.

तुझा,
पीरमहंमद


॥ श्री मारुतिराया प्रसन्न ॥
मु. खडकओहळ
३१ मार्च १९७२

प्रिय पीरमहंमद यास रंगनाथचा रामराम.

सविस्तर लिहितो.

पहिला निरोप गेला तेव्हा छगन आला नाही. "बोलावलं म्हनून यायला मी काय बैल हाय?" असं त्यानं निरोप्याला सांगितलं. पंचांना राग आला. मला आला नाही. मग झुंबरबाई स्वतः राहुरीला गेली. दोघांत काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नाही, पण फाल्गुनात तो घरी आला. सहादेव पाटलांनी आपल्या विहिरीची खोदाई त्याच्या हातचा नारळ फोडून सुरू केली. पाणी अजून लागलेलं नाही. यंदा कोणालाच लागत नाही, पण त्यावरून त्याला कोणी बोलत नाही.

माझ्याशी तो बोललेला नाही. रस्त्यात भेटला की मान हलवतो. मी त्याच्या घरी गेलो होतो. त्यानं घोंगडी टाकली, बसायला सांगितलं, चहा दिला, आणि आम्ही दोघे पाऊण तास पावसाबद्दल बोललो. म्हणजे मीच बोललो. निघताना म्हणाला, "तात्या, मला आजून येळ लागंल." मी म्हटलं, लागू दे. हे त्यानं खरं सांगितलं याचे मी आभार मानले. त्याच्यासमोर नाही, वाटेत.

तू विचारशील, पळतोस का. डॉक्टरांनी हळू पळायला सांगितलं आहे. पहाटे मळ्याच्या कुंपणापासून खोडव्याच्या उसापर्यंत जाऊन येतो. त्याला पळणं म्हणण्यासारखं काही नाही. टाच पहिल्या शंभर पावलांना कुरकुरते, मग गप्प बसते. बघायला कोणी नसतं. एक टिटवी ओरडते, तिला मी आवडत नाही. श्वास लागतो, घाम येतो, आणि परत फिरताना मला हसू येतं. कशाचं ते कळत नाही. एकोणीस वर्षांत असं एकटं हसू आलं नव्हतं. तेव्हा मागे लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं नाही, पण पळणं मला कोणी परत दिलं आहे आणि यावेळी मोबदल्यात काही मागितलेलं नाही, असं वाटतं.

आता हनुमान जयंती. परवा झाली. मी ओढ्याच्या काठावर माणसांत उभा होतो. कावड येताना कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. आधी धूळ दिसते. मग दोन कळश्या, उन्हात चकाकणाऱ्या, माणूस दिसण्याआधी. मग माणूस. कावड छगनच्या खांद्यावर होती, डाव्या बाजूला गोरक्ष जोडीदार. लोक "आला, आला" ओरडू लागले. मी छगनच्या तोंडाकडे बघत होतो. त्याची नजर जमिनीवर होती, पाऊल कुठे टाकायचं तिथे. त्याला आमच्यातलं कोणी दिसत नव्हतं. हलगी वाजते की नाही हेही त्याला माहीत नसावं. तो ओढा चढला, माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि देवळात शिरला. मी रडलो नाही, पण चष्मा पुसावा लागला.

मारुतीला स्नान झालं. मग उरलेलं पाणी तीर्थ म्हणून वाटायला कावड आणणाराच बसतो. आजवर तिथे मी बसायचो. माणसं ओंजळी पुढे करायची, मी पळीनं देत जायचो. वाटून संपलं की लोक मला खांद्यावर उचलायचे, मिरवायचे, मग जेवणं. स्वतः घ्यायचं राहून जायचं.

परवा मी रांगेत उभा राहिलो. पुढे फक्रुद्दीन, तुझा चुलतभाऊ, कावडीच्या दोऱ्या वळणारा. मागे शाळेतली पोरं. रांग सरकत गेली. छगनपुढे आलो आणि ओंजळ केली. त्यानं वर पाहिलं. क्षणभर पळी तशीच थांबली. मग त्यानं ओंजळीत तीर्थ सोडलं, आणि माझ्या मागच्या पोराकडे पाहिलं. एवढंच.

मी बाजूला होऊन प्यायलो. सोळा मैल उन्हातून आलेलं पाणी, कोमट झालेलं होतं, आणि त्याला तांब्याची चव होती. एवढी वर्षं मी ते वाहिलं, पीरमहंमद, पण कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं.

तुझा,
रंगनाथ